वडिलांची टोपी एकदा उतरवून बघा

पत्र : डॉक्टर, नमस्कार. मी तासगाव तालुक्यातला, वय ३६. अडीच एकर द्राक्षबाग आहे, माल बहुतेक बेदाण्यालाच जातो. बायको झेडपीच्या शाळेत शिक्षिका, एक मुलगी आहे. तिशीत पुढचे केस गेले म्हणून तीन वर्षांपूर्वी पुण्यात ट्रान्सप्लांट करून घेतलं. २४०० ग्राफ्ट, म्हणजे मागून काढलेले केसांचे झुबके, पुढं बसवले. पुढची लाइन चांगली आली, त्याबद्दल तक्रार नाही. पण गेल्या वर्षापासून तिच्या मागं आणि भोवऱ्याजवळ मोकळं व्हायला लागलंय. वरून फोटो काढला की पुढं केसांचा पट्टा आणि मागं माळरान. रोजची गोळी दिली होती ती सहा महिने घेतली. मग मित्र म्हणाले, तिच्यानं संसाराचं वाटोळं होतं, म्हणून बंद केली. क्लिनिकला फोटो पाठवला तर ते म्हणतात, एका दिवसात आणखी ३००० ग्राफ्ट बसवू, भोवऱ्यासकट सगळं भरून निघेल. दिवाळीच्या आत बुकिंग केलं तर सवलत, वर हप्ते करून देतात. फेब्रुवारीत मेहुण्याचं लग्न आहे, तोवर रिझल्ट दिसेल असंही म्हणाले. बायको म्हणते, ‘आहे तसं राहू द्या.’ वडिलांचे केस कसे होते ते नीट सांगता येत नाही, ते कायम टोपीत असतात. करू का नको?

उत्तर : नमस्कार.

आधी फेब्रुवारीचा विषय संपवू, कारण त्या तारखेनं तुमचं सगळं गणित बिघडवलंय. दिवाळीच्या आसपास ऑपरेशन केलंत तर पुढं काय होतं हे तुम्ही एकदा भोगलेलं आहे, विसरलात इतकंच. लावलेले केस दोन ते आठ आठवड्यांत गळून पडतात. मूळ आत राहतं, वरचा केस जातो. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात लव फुटावी तसे बारीक केस येतात, सहाव्या महिन्यात थोडा अंदाज येतो आणि खरं काय झालं ते कळायला वर्ष जातं. भोवऱ्याला तर कधी दीड वर्ष. म्हणजे ऐन लग्नात तुम्ही आजच्यापेक्षा विरळ दिसाल. भोवऱ्यावर आज जे अशक्त केस तग धरून आहेत तेही ऑपरेशनच्या धक्क्यानं झडू शकतात आणि त्यातले जे आधीच मरणपंथाला लागलेत ते परत येतील याची खात्री नाही. ज्यांनी तुम्हाला हे सांगितलं नाही त्यांच्या बाकीच्या शब्दांनाही मी तेवढंच वजन देईन.

शिवाय दिवस कुठले निवडलेत बघा. ऑक्टोबर छाटणी उरकून डाऊनी रोगाच्या धास्तीनं फवारणीचे ब्लोअर चालवायचे दिवस हे. ऑपरेशननंतर पहिले दोन आठवडे ऊन, धूळ, घाम, हेल्मेट, सगळं टाळायचं असतं. तुम्ही ते कसं टाळणार आहात, मला तरी कळत नाही.

आता मूळ प्रश्न. तुमचं पहिलं ऑपरेशन फसलं असं तुमच्या मनात कुठंतरी आहे, पत्रात तसं लिहिलं नसलं तरी. ते फसलेलं नाही. द्राक्षवाल्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. खाली डॉगरिजचा खुंट आणि वर माणिक चमनची काडी भरली तर द्राक्षं माणिक चमनचीच येतात, खुंट कुठलाही असो. केसांचंही तसंच असतं, हे न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेन्ट्राइक या त्वचारोगतज्ज्ञांनी १९५९ मध्ये मांडलं. डोक्याच्या मागच्या पट्ट्यातला केस कपाळावर नेऊन लावला तरी तो आपला मागचा स्वभाव सोडत नाही. पुढच्या केसांना जो हार्मोन बारीक करत करत संपवतो, त्याला मागचे केस सहसा बधत नाहीत. ट्रान्सप्लांटचा अख्खा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे. तुमचे २४०० ग्राफ्ट टिकलेत ते त्यामुळं. गेले ते मूळचे, त्यांच्या मागचे. ते जाणारच होते. कलम भरल्यानं शेजारच्या वेलाचा रोग थांबत नाही.

पण कलमाची उपमा इथंच संपते. काडी कमी पडली तर तुम्ही शेजाऱ्याच्या बागेतून आणता. केसांना शेजारी नाही. दुसऱ्याचा केस तुमचं शरीर स्वीकारत नाही, अगदी सख्ख्या भावाचाही नाही. आणि मागून काढलेल्या जागी नवा उगवत नाही. लोकांना हेच माहीत नसतं. त्यांना वाटतं ट्रान्सप्लांट म्हणजे केस वाढवणं. केस एकही वाढत नाही, नुसता इकडचा तिकडं जातो.

म्हणून दुसऱ्या ऑपरेशनचा निकाल आरशात कपाळ बघून लावायचा नसतो. तो मानेवरचा पट्टा बघून लावायचा.

जरा आकडे मांडू. एक ग्राफ्ट म्हणजे एका छिद्रातून निघणारा एक ते चार केसांचा झुबका, सरासरी दोन केस. बहुतेक माणसांच्या मागच्या सुरक्षित पट्ट्यातून उभ्या आयुष्यात पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात. कुणाचे चारच हजार, एखाद्या नशीबवानाचे आठ. तुमचे २४०० खर्च झाले. सरासरी धरली तरी शिल्लक अडीच ते साडेतीन हजार. आता गरज किती ते बघा. टक्कल पूर्ण पडलं तर वरची उघडी जागा साधारण २०० चौरस सेंटीमीटर होते, म्हणजे बोटांसकट पसरलेल्या पंजाएवढी. मूळ डोक्यावर दर चौरस सेंटीमीटरला ७०-८० ग्राफ्ट असतात. निम्मी दाटी असली तरी डोळा फसतो, म्हणून ३५ धरू. २०० गुणिले ३५, सात हजार. शिल्लक तीन, गरज सात, आणि त्या सातातले चोवीसशे आधीच पुढं बसलेत.

क्लिनिकनं सांगितलेला ३००० चा आकडा आता पुन्हा वाचा. ते तुमची तिजोरी एका दिवसात रिकामी करून बहुतेक सगळं भोवऱ्यात ओतणार आहेत. भोवरा ही डोक्यावरची सर्वांत खर्चिक जागा. केस तिथं गोल फिरतात, एकावर एक पडून झाकत नाहीत, त्यामुळं कितीही घाला, टाळू दिसते. आणि चाळिशीत भोवऱ्याभोवतीचं रिंगण आणखी रुंदावलं की मधे केसांचा ठिपका आणि भोवती मोकळं कडं उरतं. ते टकलापेक्षा वाईट दिसतं. टक्कल निदान निसर्गाचं दिसतं.

रिंगण किती रुंदावेल? इथं तुमच्या वडिलांची टोपी येते.

तुमच्या पत्रातलं हे एक वाक्य मी दोनदा वाचलं. आपल्या भागात एका अख्ख्या पिढीचं टक्कल पांढऱ्या टोपीखाली गेलं. मुलांनी बापाचं डोकं पाहिलं ते पहाटे न्हाणीघरातून बाहेर येताना, तेही क्षणभर. एकदा त्यांना ओसरीवर उजेडात बसवा आणि बघा. कानाच्या वर नुसता घोड्याच्या नालासारखा पट्टा उरलाय का? तो पट्टाही मानेकडून वर सरकलाय का? मग आईचे भाऊ बघा. केस आईकडून येतात ही अर्धी समजूत झाली, ते दोन्ही घरांतून येतात. वडिलांचा नाल अरुंद असेल तर तुमचाही तसा होऊ शकतो हे धरून चाला, आणि मग उरलेल्या तीन हजारांतला एकेक ग्राफ्ट मोजून वापरावा लागेल.

दुसरं काम सलूनमध्ये. नेहमीच्या माणसाला मागून आणि बाजूनं दोन नंबरची मशीन मारायला सांगा आणि मागचा फोटो काढून घ्या, जवळून, दिवसाच्या उजेडात. पहिल्या वेळी एक मिलिमीटरच्या आसपासच्या पंचनं, म्हणजे पोकळ गोल पात्यानं, ग्राफ्ट काढले असतील, त्याचे बारीक पांढरे ठिपके दिसतील. ते सगळीकडं सारखे विखुरलेले असतील तर काढणाऱ्यानं शिस्तीनं काम केलंय. एकाच जागी गर्दी असेल, किंवा मानेच्या अगदी खाली, कानाच्या अगदी वर गेले असतील, तर घाईनं ओरबाडलंय. असं डोकं आणखी ३००० नं उपसलं तर कसर लागलेल्या शालीसारखं दिसतं. केस बारीक ठेवायची सोय कायमची जाते. आणि दुसऱ्या वेळी कातडीखाली व्रणाची गाठगाठ असते, पंच वाकडा जातो, मुळं तुटून वाया जाण्याचं प्रमाण वाढतं. तीन हजार काढले म्हणजे तीन हजार उगवले असं नसतं.

हे सगळं डोळ्यांना दिसत नाही. भिंगाच्या कॅमेऱ्यातून दिसतं. कवठेमहांकाळकडचा एक तरुण माझ्याकडं असाच दुसऱ्या ऑपरेशनचं विचारायला आला होता, वय एकतीस. समोरून बघितलं तर मागचे केस भरगच्च. कॅमेरा टेकवला आणि दोघंही स्क्रीनकडं बघत बसलो. एका छिद्रातून तीन जाड काळे केस, शेजारच्यातून दोन, त्याच्या शेजारी एकच, तोही लवेसारखा, पारदर्शक. मग पुन्हा तसाच. मधे रिकामी पांढरी टिकली, पहिल्या ऑपरेशनची. त्याचा मागचा पट्टासुद्धा बारीक होत चालला होता. असा पट्टा कपाळावर नेऊन लावला तरी तिथंही बारीकच होत जाणार. त्याला मी नाही म्हटलं. तो रागावून गेला. नंतर काय केलं, माहीत नाही.

तुमची तपासणी झाल्याशिवाय कुणी नुसत्या व्हॉट्सअॅपवरच्या फोटोवरून ग्राफ्टचा आकडा सांगत असेल तर तो अंदाज नाही, कोटेशन आहे. (मी स्वतः ट्रान्सप्लांट करत नाही. त्यामुळं तुम्ही केलंत काय आणि नाही केलंत काय, माझ्या गल्ल्यात फरक पडत नाही.)

आता गोळी. मित्रांनी सांगितलं आणि तुम्ही सोडली, डॉक्टरला न विचारता. माझ्या मते या पत्रातली खरी चूक ही एवढीच. फिनास्टेराइड एक मिलिग्रॅम हे औषध अमेरिकेत पुरुषांच्या टकलासाठी १९९७ मध्ये मंजूर झालं. ते रक्तातला केस बारीक करणारा तो हार्मोन जवळपास दोन तृतीयांशानं कमी करतं आणि उरलेले केस धरून ठेवतं. घेताय तोवर. बंद केलं की मिळालेला फायदा वर्षभरात ओसरतो. तुमचं डोकं ‘गेल्या वर्षापासून’ उघडं पडत गेलं, यात मला काही गूढ वाटत नाही.

‘तो’ त्रास काल्पनिक आहे असं मी म्हणणार नाही. मंजुरीच्या वेळच्या चाचण्यांत औषध घेणाऱ्या शंभरातल्या चौघांच्या आसपास लैंगिक तक्रारी आल्या आणि नुसती पोकळ गोळी घेणाऱ्यांतही दोघांना आल्या. बहुतेकांचा त्रास गोळी थांबवल्यावर जातो, थोड्यांचा नंतरही राहिल्याच्या नोंदी आहेत. मन उदास होणं हाही परिणाम खरा आहे. आत्महत्येचे विचार येणं हा या गोळीचा दुष्परिणाम असल्याचं युरोपच्या औषध नियामकांनी २०२५ मध्ये मान्य केलं. पूर्वी कधी नैराश्याचा त्रास झाला असेल तर तो डॉक्टरांना आधी सांगा, लपवू नका. दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर तेही सांगा. पत्नीनं गरोदर असताना ही गोळी फुटलेली किंवा चुरलेली हाताळायची नसते. घेत असाल तोवर, आणि सोडल्यावर महिनाभर, रक्तदानही करायचं नाही. एवढं समजून घेऊनही नको वाटली तर नको घेऊ. मिनॉक्सिडिल हे टाळूला लावायचं औषध वापरा, तेवढाच आधार. पहिल्या काही आठवड्यांत त्यानं केस जास्त गळतात, तेव्हा घाबरून सोडू नका. पण एक लक्षात असू द्या. औषध कुठलंच नको आणि ऑपरेशन मात्र हवं, हा मार्ग छत्तिसाव्या वर्षी मला पटत नाही. गळती चालू असताना ग्राफ्ट लावणं म्हणजे पाटाला भगदाड असताना शेवटच्या सरीला पाणी द्यायला जाणं.

तर माझं उत्तर : आत्ता नाही. हे बुकिंग तर अजिबात नाही.

वर्षभर उपचार घ्या. दर तीन महिन्यांनी एकाच जागी, एकाच उजेडात, ओल्या केसांचा वरून फोटो काढा आणि तारीख टाकून ठेवा. वर्षात गळती थांबली, भिंगाखाली मागचा पट्टा निरोगी निघाला, तर दुसरं ऑपरेशन करायला माझी हरकत नाही. मग मी हो म्हणेन, पण छोट्याला. बाराशे ते पंधराशे ग्राफ्ट, पुढच्या पट्ट्याच्या लगेच मागं, जिथं तुम्हाला माळरान दिसतं तिथं. पुढून आणि बाजूनं बघणाऱ्याला डोकं भरलेलं दिसतं ते त्या मधल्या जागेमुळं. भोवरा सोडून द्या. तो तुम्हाला दिसत नाही, फोटो काढणाऱ्याला आणि मोटारसायकलवर मागं बसणाऱ्याला दिसतो. उरलेले हजार-दीड हजार पंचेचाळिशीसाठी ठेवा. तेव्हा पुढच्या पट्ट्याच्या कडेला खिंडार पडलं तर बुजवायला लागतील. दाढी दाट असेल तर तिथले केसही कधी मधे भर म्हणून वापरतात, पण ते जाड आणि राठ असतात, पुढच्या कडेला लावले तर झाडूसारखे दिसतात.

करायची वेळ आलीच तर एकच प्रश्न विचारा : सुई, चिरा आणि पंच कुणाच्या हातात असेल? राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलंय की नुसती कार्यशाळा बघून किंवा यूट्यूबवर पाहून हे शिकल्याचं मानता येणार नाही. हे काम त्वचारोगाचं किंवा प्लास्टिक सर्जरीचं शिक्षण घेतलेल्या डॉक्टरांचं. सहायक लागतात, ते ग्राफ्ट वेगळे करतात, बसवायला मदत करतात. पण बोर्डावर डॉक्टर आणि खोलीत नुसते टेक्निशियन असं असेल तर उठून या. २०२५ मध्ये कानपूरच्या दोन इंजिनिअरांच्या ट्रान्सप्लांटनंतरच्या मृत्यूची बातमी तुम्ही वाचली असेल. भूल स्थानिक असली तरी औषधाला मात्रा असते, आणि एका दिवसात तीन हजार ग्राफ्ट म्हणजे तासन्‌तास तेच औषध टोचत राहणं. ऑक्सिजन, शुद्धीवर आणायची औषधं, ती वापरता येणारा माणूस तिथं आहे का, हे विचारायला लाजू नका.

पैशाचं थोडक्यात. आरोग्य विमा यात येत नाही. वैद्यकीय सेवेला जीएसटी माफ असला तरी केस लावण्याला नाही, वर १८ टक्के लागतात, तेव्हा सवलतीचा आकडा त्यांच्यासकट सांगतात की त्यांच्याशिवाय ते बघा. आणि हप्ता दर महिन्याला जातो, बेदाण्याचा सौदा दर महिन्याला निघत नाही, हे मी तुम्हाला काय सांगणार.

पत्नीच्या बोलण्यावर तुम्ही चिडलेले दिसता. ‘आहे तसं राहू द्या’ हे ऐकताना तुम्हाला वाटतं तिला कळत नाही. तिचं म्हणणं मी वैद्यकीय सल्ला म्हणून घेत नाही, पण तीन वर्षांपूर्वी उशीवर रक्ताचे डाग, सुजलेलं कपाळ आणि गळालेले केस तिनंच बघितलेत. पुढची तपासणी करायला तिला बरोबर घेऊन जा. स्क्रीनवर तिलाही दिसू द्या. मिरज-सांगलीला भिंगाची तपासणी करणारे त्वचारोगतज्ज्ञ आहेत, त्यासाठी पुण्याला जायची गरज नाही.

राहता राहिलं मेहुण्याचं लग्न. तुम्ही त्या घरचे जावई. हॉलच्या दारात पाऊल ठेवलं की फेटेवाला तुम्हाला गाठणार, आणि पंगती उठेपर्यंत सासरचं कुणी तो तुम्हाला काढू देणार नाही. अल्बममधल्या एकाही फोटोत तुमचे केस येणार नाहीत. रंग तेवढा आधी विचारून ठेवा.